शिरेची चौकशी

चेहऱ्यावरची शीर दुखत नाही. खाजत नाही, पिकत नाही, झोपमोड करत नाही. त्यामुळे तिच्यासाठी दवाखान्यात जायला निघालं की घरातूनच पहिला प्रश्न येतो, "अगं, पण तुला त्रास काय होतोय?" आणि "दिसते" हे उत्तर कुणालाच पुरेसं वाटत नाही. दात पुढे आले म्हणून तार लावली, केस पिकले म्हणून रंगवले, चष्मा नको म्हणून डोळ्यांना लेसर करून घेतलं, तर फारसं कुणी हटकत नाही. चेहऱ्यावरच्या शिरेचं नाव काढलं की मात्र माणूस लगेच नटवा ठरतो.

माझ्या चेहऱ्यावर दोन तऱ्हेच्या शिरा होत्या. नाकपुड्यांच्या कडेला, नाक जिथे गालाला मिळतं त्या खाचेत, लाल बारीक रेघांची जाळी. आणि डाव्या कानशिलावर, भुवईच्या टोकापासून वर केसांत शिरणारी एक निळसर हिरवी शीर. लाल जाळीमुळे मी कायम नाक शिंकरून आल्यासारखी किंवा नुकतीच रडल्यासारखी दिसायचे. "बरं नाही का?" हा प्रश्न लोक मायेनेच विचारतात, पण ठणठणीत असताना तो पुन्हा पुन्हा ऐकला की आपल्याच चेहऱ्याची बाजू मांडत बसावं लागतं. हिरवट कन्सीलर लावला की लाली दबायची, दुपारी घाम आला की परत वर यायची.

हे सगळं नाहीसं व्हावंसं वाटण्यात लाज बाळगण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि त्याचा खुलासा कुणाला द्यावा असंही वाटत नाही. चौकशी करायचीच तर माणसाच्या हौसेची कशाला, शिरेची करावी. ती शीर आहे की आणखी काही, आली कशामुळे, रक्त घेऊन जाते कुठे, तिला हात लावला तर काय होईल. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. हौस करणाऱ्याची उलटतपासणी होते, आणि त्याने एकदा ठरवलं की मग मशीन कुठलं, चालवणारं कोण, शीर कसली, हे विचारायचं राहून जातं.

माझ्या डॉक्टरांनी लेसरचा विषयसुद्धा न काढता आधी एक छोटी काचपट्टी उचलली आणि माझ्या नाकाच्या कडेला दाबून धरली. समोर आरसा दिला होता. काच टेकताच रेघा पुसल्या गेल्या, कातडी फिकी पडली. काच उचलली आणि एकेक रेघ एका टोकाकडून भरत आली, दोन क्षणांत जाळी पुन्हा जागच्या जागी. "म्हणजे रक्त वाहिनीतच आहे, बाहेर सांडलेलं नाही," त्या म्हणाल्या. ०.१ ते १ मिलिमीटर जाडीच्या या वाहिन्या. कातडीखाली त्या प्रत्येकाला असतात. एरवी इतक्या सूक्ष्म असतात की नजरेला पडत नाहीत, रुंदावून तशाच राहिल्या की दिसू लागतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्यांच्या भोवतीचा आधार सैल पडतो. काहींच्या घराण्यातच ही ठेवण असते.

मग प्रश्न सुरू झाले. मसालेदार खाल्ल्यावर, गरम पेय घेतल्यावर, उन्हातून आल्यावर चेहरा तापतो का? म्हणजे रोझेशिया, चेहरा वरचेवर तापून लाल होण्याचा त्वचाविकार, आहे का. सावळ्या चेहऱ्यावर रोझेशिया हमखास निसटतो, कारण पुस्तकातली लाली सावळ्या कातडीवर तशी दिसतच नाही. जळजळ आणि पुळ्या तेवढ्या दिसतात आणि मुरुमांची औषधं चालू राहतात. वरचेवर घोळणा फुटतो का, घरात कुणाला तसं होतं का? कारण ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके आणि वारंवार नाकातून रक्त असा एक आनुवंशिक आजार आहे. थंडीत बोटं पांढरी पडतात का, कातडी ताठरल्यासारखी वाटते का? यकृताचा काही त्रास? मधोमध एक लाल बिंदू आणि त्यातून चहूकडे फुटलेले पाय अशी कोळ्याच्या आकाराची खूण गरोदरपणात उमटते, धडधाकट मुलांच्या गालावरही उमटते. पण मोठ्या माणसाच्या अंगावर अशा खुणा एकदम बऱ्याच दिसू लागल्या तर यकृत तपासावं लागतं. मला त्यातलं काही नव्हतं. पण कुणी तरी हे विचारलं, याने मला फार बरं वाटलं. दिसण्यासाठी आलेल्या माणसालाही पूर्ण तपासणीचा हक्क असतो.

शेवटचा प्रश्न मलमांचा. "नावं सांगू नका, ट्यूबा घेऊन या."

या एका वाक्यावर मी थोडी थांबते, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींची गोष्ट त्यात आहे. डागांसाठी, उजळपणासाठी, खाजेसाठी कुणी तरी सुचवलेलं मलम चेहऱ्याला लागतं आणि त्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा कधी नव्हे इतका नितळ दिसतो. म्हणून ते सोडवत नाही. महिने जातात, कातडी पातळ होते, खालच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि दिसू लागतात, पुळ्या येतात, बारीक लव वाढते. बंद करायला गेलं की चेहरा लालभडक होऊन जळतो, म्हणून ट्यूब पुन्हा हातात येते. अशा चेहऱ्यावर लेसर मारून शिरा घालवल्या आणि मलम चालूच राहिलं, तर त्या उपचाराला काही अर्थ नाही. आधी ते मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुटायला हवं. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य जागी, योग्य मुदतीत ते मोठं काम करतं. चेहऱ्यावर मनाने, महिनोन् महिने लावायचं ते औषध नव्हे, एवढंच.

नाकाचं झाल्यावर डॉक्टरांनी दोन बोटं माझ्या कानशिलावर टेकवली आणि गप्प राहिल्या. नाडी बघत होत्या. मग मला मान खाली घालून बसायला सांगितलं, तशी शीर टरारून वर आली. सरळ बसले, ओसरली. "ठोका नाही, मऊ आहे, दाबली की रिकामी होते. शीरच आहे."

कानशिलावर धमनीही असते, कानापुढून वर चढणारी. हे मला आधीपासून ठाऊक होतं, ते आमच्या काकूंमुळे. सत्तरीच्या काकूंच्या कानशिलावर एक वळणदार दोरी उमटली होती. वय झालं, अंगावरचं मांस गेलं, शिरा दिसणारच, असं सगळेच म्हणत होते. नवी डोकेदुखी सुरू झाली तीही वयावर ढकलली गेली. केस विंचरताना टाळू दुखतो, घास चावताना जबडा भरून येतो, असं त्या एकदा सहज बोलून गेल्या आणि नेमक्या ऐकणाऱ्या नातेवाइकांत एक परिचारिका होती. तिने त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेलं. त्या धमनीला दाह झाला होता. पन्नाशीनंतरच्या वयात होणारा हा आजार वेळेत ओळखला नाही तर एका डोळ्याची, कधी दोन्ही डोळ्यांची नजर कायमची जाऊ शकते. म्हणून धमनीचा तुकडा तपासून पक्कं निदान व्हायची वाट न पाहता स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करतात. काकूंची नजर शाबूत राहिली. तेव्हापासून कुणी कानशिलावरच्या शिरेचं बोललं की मी आधी विचारते, हाताला ठोका लागतो का, दुखतं का.

तसंच चेहरा आणि मान अचानक सुजून शिरा तट्ट फुगल्या, सोबत धाप लागू लागली, तर तो सौंदर्याचा विषयच राहत नाही. छातीत मोठ्या शिरेची वाट अडलेली असू शकते आणि तातडीने जावं लागतं. एखादा मोत्यासारखा चकाकणारा, न भरणारा फोड आणि त्यावरून सरपटणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, हेसुद्धा लेसरआधी तपासून घ्यायचं. तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.

कानशिलावरची शीर निळी दिसते, पण तिच्यातलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. याचं नीट उत्तर शोधणारा एक अभ्यास १९९६ साली अल्विन कीन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. निळा प्रकाश कातडीत फार खोल जात नाही, वरच्या वर विखरून परत येतो. लाल प्रकाश खोल उतरतो आणि तिथे शीर असेल तर तिच्यातलं रक्त त्याचा बराचसा भाग गिळून टाकतं. म्हणजे शिरेवरून येणाऱ्या उजेडात शेजारच्या कातडीच्या मानाने लाल कमी पडतो, आणि आपली नजर ही तुलना करून तिला निळी ठरवते. गव्हाळ कातडीतून पाहिलं तर हिरवट. मला हे वाचून फार आनंद झाला होता. इतकी वर्षं जो रंग मी लपवत होते तो शिरेत नव्हताच, शेजारच्या कातडीशी चाललेल्या तुलनेतून माझ्या नजरेने तयार केलेला होता. लपवायची इच्छा यामुळे गेली नाही, पण शिरेकडे बघताना कुतूहलही वाटू लागलं.

उपचाराचं सगळं शास्त्रही याच रंगाच्या व्यवहारावर उभं आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर काढून दाखवला, आणि काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहिला जाऊ लागला. पण सुरुवातीचे लेसर रक्तवाहिनीबरोबर आजूबाजूची कातडीही भाजत, व्रण ठेवून जात. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी सूत्र मांडलं. रक्तातलं हिमोग्लोबिन जो रंग जास्त शोषतं तो निवडा, आणि तो इतकाच वेळ सोडा की वाहिनी तापेल, पण उष्णता बाहेर पसरायच्या आत झोत थांबेल. वाहिनी जितकी बारीक तितका हा वेळ कमी, ०.१ मिलिमीटरच्या वाहिनीला काही मिलिसेकंद. जाडी दुप्पट झाली की थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून जाड शिरेला लांब झोत. तापलेल्या वाहिनीच्या भिंती चिकटतात, रक्त गोठतं आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचा निचरा करतं. तिथलं रक्त शेजारच्या वाहिन्यांतून जात राहतं, त्याला वाटांची कमतरता नसते.

या हिशेबात आपल्या कातडीचा रंग मध्ये येतो. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळा प्रकाश छान शोषतं, म्हणून ५८५ आणि ५९५ नॅनोमीटरचे डाय लेसर, तसाच ५३२ चा हिरवा, हे गोऱ्या कातडीवर उत्तम चालतात. सावळ्या कातडीत तोच प्रकाश वरच्या मेलॅनिनमध्ये अडकतो, कातडी भाजू शकते, आणि शीर गेली तरी तिच्या जागी काळा किंवा पांढरा डाग राहू शकतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग लेसर मेलॅनिनला तुलनेने कमी त्रास देतो आणि खोलवर जातो, म्हणून सावळ्या कातडीसाठी आणि निळ्या शिरांसाठी सहसा त्याची निवड होते. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) म्हणून जे करतात तो लेसर नाहीच; तो अनेक रंगांच्या प्रकाशाचा झोत असतो, आणि सावळ्या चेहऱ्यावर तो चालवायला फार सराईत हात लागतो. "आमच्याकडे लेसर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठला, माझ्या रंगाच्या कातडीवर किती वेळा वापरला आहे, आणि आधी एका कोपऱ्यात चाचणी करून बघाल का, हे विचारा. माझी चाचणी जबड्याखाली, कानामागे झाली आणि डाग उरतोय का हे बघायला काही आठवडे वाट पाहिली. ती वाट मला अजिबात जड गेली नाही.

प्रत्यक्ष दिवशी खोलीत आम्ही तिघी होतो आणि तिघींच्या डोळ्यांवर आवरणं. १०६४ चा झोत डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, आणि तो थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. दिसतो तो फक्त नेम धरायचा लाल ठिपका. नाकावर थंडगार जेल, त्यावर मशीनचं गार टोक, आणि मग तापलेली सुई टोचून काढावी तसा एक चटका. डोळ्यांतून पाणी आपोआप वाहू लागलं. प्रत्येक चटक्यानंतर डॉक्टर थांबत, भिंगातून बघत, कधी मान हलवत, कधी पुढे सरकत. त्याच जागी लागलीच दुसरा झोत त्यांनी एकदाही दिला नाही. नाकपुडीची कातडी नाजूक, लागोपाठ मारा झाला की तिथे कायमचा खड्डा पडू शकतो, आणि तो खड्डा मूळच्या लाल रेघेपेक्षा जास्त दिसतो. संयम कशाला म्हणतात ते त्या थांबण्यात मला दिसलं. मधेच आरसा मागितला. एक जाड रेघ, जी मी वर्षानुवर्षं झाकत आले होते, ती जागेवरच पुसली गेली होती. तिच्या शेजारची करडी पडली होती. नाक दोन दिवस सुजलेलं राहिलं, एका ठिकाणी खपली धरली, ती न खुडता पडू दिली. एका बैठकीत सगळं झालं नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतराने पुन्हा जावं लागलं.

कानशिलावरच्या शिरेला मात्र आम्ही हात लावला नाही. पायांच्या शिरांमध्ये पॉलिडोकॅनॉलसारखं औषध टोचून त्या बुजवतात, तसं चेहऱ्यावर का करत नाहीत, असं मी विचारलं होतं. डॉक्टरांनी कागदावर चेहरा काढला. कपाळावरची शीर खाली येते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी पोचते, तिथून डोळ्यामागच्या शिरेला मिळते, आणि ती जाते मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीत. या वाटेवर रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. टोचलेलं औषध किंवा त्याने झालेली गुठळी कुठे पोचेल याची हमी कोण देणार? चेहऱ्यावर अशी इंजेक्शनं दिल्यावर दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. काही निष्णात लोक हे करतात, बारीक छेदातून कपाळावरची शीर ओढून काढणारेही आहेत. डोळ्याजवळच्या शिरेवर लेसर करायचा तर पापणीच्या आत धातूचं कवच बसवावं लागतं. माझी शीर फक्त केस वर बांधले की दिसते. तेवढ्यासाठी एवढं नको, असं मला वाटलं. लाल जाळी घालवून हवी होती, हिच्यामुळे माझं काही अडत नव्हतं. दोन्ही निर्णय माझेच होते.

हौस आणि आजार यांच्या सीमेबद्दल बोलताना मला एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. आज गालावरच्या दोन रेघांसाठी वापरला जाणारा डाय लेसर मुळात विकसित झाला तो चेहऱ्यावर जांभळट जन्मखूण घेऊन आलेल्या लहान मुलांसाठी. त्यांच्यावरच्या उपचाराचा महत्त्वाचा शोधनिबंध १९८९ चा. ती खूणही बहुतेक वेळा दुखत नाही. ती दिसते, एवढंच तिचं दुःख, आणि ते दुःख कमी करावं असं वाटलेल्या माणसांनी हे यंत्र घडवलं. तिथे "दिसते" हे उत्तर पुरेसं ठरलं. मग पन्नाशीच्या बाईच्या तोंडी तेच उत्तर अपुरं का ठरावं?

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं की गेलेल्या वाहिन्या सहसा परतत नाहीत, पण नव्या येतील. कातडी तीच, ऊन तेच. त्याप्रमाणे उजव्या नाकपुडीपाशी एक नवी रेघ आलीच आहे. मी सनस्क्रीन लावते, ढगाळ दिवशीही लावते, टोपी वापरते, चेहऱ्याला वाफ घेणं सोडलंय. रेघ वाढली तर पुन्हा जाईन.

आता प्रश्न भाचीचा आहे. तेवीस वर्षांची, व्यायाम करणारी, अंगावर चरबी नाही. ती मोठ्याने हसली की कपाळाच्या मधोमध एक शीर इंग्रजी वायच्या आकारात उठते. फोटोत ती दिसते म्हणून तिने फोटोत हसणं बंद केलंय. घरात नेहमीचीच वाक्यं झाली, त्रास काय होतोय आणि देवाने दिलंय ते ठेवावं. मी तिला शिरेची सगळी माहिती दिली, कागदावर तसाच चेहरा काढून दाखवला, हसताना आणि जोर लावताना छातीतला दाब वाढतो म्हणून ती शीर भरते हेही सांगितलं. घालवावी की ठेवावी यावर मात्र मत दिलं नाही. तिने खूप प्रश्न विचारले, बरेचसे माझ्यापेक्षा नेमके. पुढच्या आठवड्यात तिची अपॉइंटमेंट आहे. मी सोबत जाणार आहे, पण बाहेर बसणार आहे. "मावशी, आत मी एकटीच बोलेन," असं ती म्हणाली, आणि मला ते पटलं.